पन्नास गोळ्यांचं ड्रम मॅगझिन: पोरांनो, घेण्याआधी हे वाचा

आमच्या केळापूर तालुक्यातली काही पोरं आता कॅनडात आहेत. त्यातल्या दोघांनी तिथं रायफलीचं लायसन काढलं आणि दोघांचाही मला फोन आला: "काका, तुमी सोता वापरून पाह्यलं म्हन्ते. घेऊ काय ड्रम?" फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा नीट लिहून ठेवतो. मॅगझिन म्हणजे रायफलीला गोळ्या पुरवणारी पेटी, आणि ड्रम म्हणजे तीच पेटी गोल डब्यासारखी.

माझं वावर टिपेश्वरच्या जंगलाच्या बाजूला आहे. कपाशी, तूर, थोडा हरभरा. बाबांच्या काळापासून घरात बारा बोरची दुनळी आहे, पीक संरक्षणाच्या परवान्यावर. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. रोही आणि डुकरांसाठी जागल करण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यातल्या बहुतेक रात्री टॉर्च, टिनाचा डबा आणि आरोळीवरच निभल्या. दोन नळ्या, दोन काडतुसं, एवढाच माझा हिशेब. त्यामुळे पुतण्यानं पन्नास गोळ्यांची गोष्ट काढली तेव्हा मलाच जास्त उत्सुकता होती.

पुतण्या अल्बर्टात लेथब्रिजजवळ राहतो. मी गेलो तेव्हा मे महिना होता. तिथल्या गवताळ रानात गोफर म्हणून जमिनीतली खार असते, आपल्या घुशीएवढी. ती चराई पोखरते आणि बिळात पाय जाऊन गुरं लंगडी होतात. त्याच्या ओळखीच्या एका कास्तकारानं आपल्या रानात गोफर मारायची परवानगी दिली होती. त्यासाठी पुतण्याकडं पॉइंट बावीसची रायफल आहे. दुसरी जरा मोठी सेमी-ऑटो, म्हणजे घोडा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप चढते. ड्रम त्याला दोन्हींसाठी हवा होता.

दुकानदार भला माणूस. आधी लायसनचं कार्ड पाहिलं, मग काउंटरवर दोन ड्रम ठेवले. मोठ्या रायफलीचा ड्रम मी हातात घेतला. आकार पन्नासचा, पण आत रिव्हेट ठोकलेली, गोळ्या बसतात फक्त पाच. कॅनडात सेंटरफायर, म्हणजे टोपी मधोमध असलेलं काडतूस उडवणाऱ्या सेमी-ऑटो रायफलीला पाचाचीच मर्यादा आहे. पिस्तुलाला दहा. बोल्ट ओढून चालवायच्या रायफलीला मर्यादा नाही. हा नियम का आला तेही त्यानं सांगितलं. ६ डिसेंबर १९८९ ला मॉन्ट्रियलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एकानं सेमी-ऑटो रायफलीनं १४ बायकांना मारलं, त्यात बहुतेक शिकणाऱ्या पोरी होत्या. पुढच्या काही वर्षांत मॅगझिनवर मर्यादा आली. हे ऐकल्यावर मला तरी तो नियम जाचक वाटला नाही. पाच गोळ्यांसाठी एवढं धूड विकत घेणं मात्र मला पटलं नाही. पुतण्यानंही ते परत सरकवलं.

पॉइंट बावीसचं वेगळं. ते रिमफायर, म्हणजे मधोमध टोपी नसलेलं, कडेवर ठोकून उडणारं काडतूस, त्याच्या रायफलीला मर्यादा नाही. पण एक खोच आहे, ती लक्षात ठेवा. तेच मॅगझिन त्याच जातीच्या पिस्तुलालाही बसणारं असेल, तर मर्यादा दहावर येते. रुगर १०/२२ ही रायफल तिकडं घरोघरी दिसते, पण तिचं दहाच्या वरचं मॅगझिन कॅनडात बेकायदा धरतात, कारण ते त्या कंपनीच्या चार्जर पिस्तुलातही जातं. म्हणून आपल्या रायफलीचं नाव सांगून दुकानदाराकडून खात्री करून घ्या. आमच्या दुकानदारानं स्वतःहून तपासून सांगितलं, त्याबद्दल त्याला पूर्ण मार्क.

आता ड्रमचं. दीडशे डॉलरच्या घरात गेला. घरी भरायला बसलो. आत गुंडाळी स्प्रिंग असते, ती ताणत एकेक गोळी उताणी-पालथी न होता बसवायची. पॉइंट बावीसच्या गोळीचा कडा बाहेर असतो, तो मागच्या गोळीच्या कड्यात अडकला की सगळं काढून पुन्हा. पन्नास भरायला आम्हा दोघांना वीस मिनिटं लागली. अंगठा दुखून आला.

रानात गेलो. लेथब्रिजचा वारा तुम्ही पाहिला नसेल, उभा माणूस ढकलतो. त्या वाऱ्यात धूळ, आणि बावीसच्या शिशावर मेण असतं. मेणाला धूळ चिकटली आणि चौदाव्या गोळीला पहिली अडकण. पन्नासात चार वेळा अडकलं. प्रत्येक वेळी नळी खाली, ड्रम बाहेर, चेंबर, म्हणजे नळीत गोळी बसायची जागा, पाहायचं, मग पुढं. अडकलेल्या ड्रमच्या पोटात तीस-पस्तीस जिवंत गोळ्या आणि ताणलेली स्प्रिंग असते, ते हाताळताना माझ्या पोटात गोळा आला. बाबांनी शिकवलेलं एकच: नळीत काय आहे हे डोळ्यानं दिसलं पाहिजे. दुनळी मधून वाकवून उघडली की दिसतं. ड्रममध्ये दिसत नाही.

वजनही नडतं. भरलेला ड्रम अर्धा किलो सहज, तोही रायफलीच्या मधोमध लोंबतो. चाळीस-पन्नास पावलांवरच्या घुशीएवढ्या जिवावर नेम धरताना हात थरथरतो. पुतण्याच्या पाच गोळ्या वाया गेल्या तेव्हा तो म्हणाला, "काका, गोया लय हायेत म्हनून मी घाई कराले लागलो." मला त्याचं हे बोलणं फार मोलाचं वाटलं. दोन काडतुसांचा माणूस नीट पाहून घोडा ओढतो.

दुसऱ्या दिवशी दहा-दहाची तीन साधी मॅगझिनं घेऊन गेलो. एक भरायला मिनिटभर, बदलायला पाच सेकंद. दिवसभरात एकदाही अडकलं नाही.

दोन गोष्टी कळवळून सांगतो. लेथब्रिजहून कूट्सची सरहद्द तास-दीड तासावर आहे, पलीकडं अमेरिकेतलं मोंटाना. तिथं बिन-रिव्हेटचा ड्रम सहज मिळतो म्हणून गाडीत टाकून आणू नका, आणि घेतलेल्यातली रिव्हेट काढू नका. तो सरळ गुन्हा आहे, लायसनच काय, तिथला मुक्कामही धोक्यात येईल. आणि गावी दाखवायला म्हणून बॅगेत तर अजिबात नको. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचा सुटा भागही शस्त्रातच मोजतात. नागपूर विमानतळावर आई-बाप घ्यायला उभे असतील आणि तुम्ही आत जबाब देत बसाल.

दुकानाला माझ्याकडून पाचपैकी पाच, ड्रमला दीड. पुतण्याचा ड्रम आता रिकामा, कुलपाच्या कपाटात आहे. यंदाच्या मे महिन्यातही तो दहाचीच मॅगझिनं घेऊन रानात गेला होता.