डिफ लॉक अडकला म्हणून लगेच हाऊसिंग खोलू नका – पिंपळगावच्या एका गॅरेजचा अनुभव

मिनी ट्रॅक्टरवाल्या द्राक्ष बागायतदारांसाठी लिहितोय. पिंपळगाव बसवंतला छोटे ट्रॅक्टर आणि ब्लोअर (ट्रॅक्टरमागे लावायचं फवारणी यंत्र) दुरुस्त करणारं एक साधं पत्र्याच्या शेडचं गॅरेज आहे, बोर्ड पण नाही, पण डिफ लॉकचं (डिफरन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र जोडणारा लॉक) काम त्यांनी जसं केलं तसं काम मी तरी दुसरीकडे बघितलं नाही.

आमचा 24 एचपीचा फोर बाय फोर, बागेत ब्लोअर ओढायला. पावसानंतर काळ्या जमिनीत एक चाक जागेवर फिरायला लागलं की टाचेजवळचं डिफ लॉकचं पेडल दाबायचं, दोन्ही मागची चाकं एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर निघतो. पाय काढला की स्प्रिंगने पेडल वर यायला पाहिजे, ते आलंच नाही. वळणावर स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जायला बघतो, मागचे टायर घासतात, ओळ संपली की वळायची पंचाईत. एका ठिकाणी दाखवलं तर त्यांनी ट्रॅक्टरला हात पण न लावता सांगितलं की मागचं हाऊसिंग (गिअरची पेटी) सगळं खोलावं लागेल, फोर्क (लॉक सरकवणारा आतला भाग) गेलाय, ऐन छाटणीनंतर डावणी रोगाचे स्प्रे चालू असताना ट्रॅक्टर दोन तुकडे करून ठेवायचा म्हणजे बागेचं काय करायचं सांगा.

पिंपळगावच्या या मिस्त्रींनी पहिलं काय केलं तर स्वतः ट्रॅक्टरवर बसून मऊ मातीत अगदी लो गिअरला थोडा पुढे थोडा रिव्हर्स घेतला, स्टेअरिंग एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. कारण आतले दात एकमेकात ताणाखाली दाबून बसलेले असले की स्प्रिंगची ताकद त्यांना सोडवायला पुरत नाही, ताण गेला की बऱ्याचदा आपोआप सुटतात. सुटला नाही. मग मागची दोन्ही चाकं जॅक लावून उचलली, खाली घोड्या लावल्या, पुढच्या चाकांना दगड, इंजिन बंद, गिअर टाकलेला, आणि एक चाक हाताने फिरवून बघितलं. लॉक सुटलेला असेल तर दुसरं चाक उलट्या बाजूने फिरतं, अडकलेला असेल तर दोन्ही हलत नाहीत. आमची हललीच नाहीत, म्हणजे लॉक खरंच आत बसलेला होता. चाकं हवेत म्हणजे ताण पण नाही, तरी पेडल खालीच, म्हणून त्यांनी स्प्रिंग काढून पेडलचा शाफ्ट हलवून बघितला आणि तोच बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीत) गंजून जाम झालेला निघाला!!

गंजायचं कारण पण त्यांनीच दाखवलं आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ब्लोअरचा फवारा मागे उडतो, बोर्डोमधलं (मोरचूद-चुन्याच्या फवारणीच्या मिश्रणातलं) मोरचूद लोखंडाला खातं, त्यावर चिखल बसतो, आणि पेडलच्या त्या कोपऱ्यात ना धुताना पाणी नीट जातं ना ग्रीस. आमच्या भागात किती ट्रॅक्टरचं असंच झालं असेल.

गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी पितळी हातोडीने हलके ठोके देत शाफ्ट मागेपुढे केला, गॅसने गरम करायला त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं कारण शेजारीच ऑइल सील आहे. सुटल्यावर पॉलिश पेपरने घासला, नवीन ओ-रिंग, नवीन स्प्रिंग, ग्रीस. मागचं ऑइल काढून बघितलं, दुधाळ झालेलं नव्हतं म्हणजे आत पाणी गेलं नव्हतं, आणि परत चाकं फिरवून दाखवली, आता उलटसुलट फिरत होती. म्हणाले, "दादा, आत काही झालेलं नाही, उगाच खोलायचं कशाला?" मोठं काम काढायची सोय असताना असं सांगणारा माणूस आहे म्हणून हा रिव्ह्यू. मजुरी आणि सामान धरून हजाराच्या आसपास गेले.

वापरायचं पण नीट समजावलं, चाक जोरात फिरत असताना पेडल दाबायचं नाही, आधी क्लच दाबून चाक थांबवायचं मग लॉक लावायचा, नाहीतर दात तुटतात आणि मग मात्र हाऊसिंग खोलावंच लागतं. वळताना आणि डांबरी रोडवर तर अजिबात नाही.

कमी बाजू सांगायच्या तर फोन उचलत नाहीत, समोर जाऊनच नंबर लावावा लागतो, ऑक्टोबर छाटणीच्या सीझनला गर्दी असते. पक्कं बिल मिळत नाही, वॉरंटीतला ट्रॅक्टर असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिसलाच न्या. आणि लॉक अडकलेला ट्रॅक्टर रोडने चालवत आणू नका, वळणार नाही आणि टायर पण खाईल, पिकअपमध्ये टाकून आणा किंवा मिस्त्रींना बागेत बोलवा, जवळपास असेल तर येतात, पेट्रोलचे पैसे वेगळे घेतात.