साखळीची टाकी गेली, दोन बटणांचा कमोड आला

दिवाळीच्या आधी आम्ही बिडाची टाकी आणि तिच्याखालचा कमोड दोन्ही काढून ६/३ लिटरचा (मोठ्या बटणाला सहा, छोट्याला तीन), दोन बटणांचा सेट बसवला. इमारत कोथरूडमधली, १९८४ ची. उन्हाळ्यात सोसायटीला टँकर मागवावेच लागतात. आता मे संपत आलाय आणि मी सगळ्यांना ‘घ्या’ असंच सांगते आहे.

जुन्या टाकीची साखळी ओढली की आतली घंटेच्या आकाराची टोपी उचलून आपटायची, सायफन लागायचा, म्हणजे पाणी आपोआप ओढलं जायचं, आणि अख्खी टाकी खाली. मध्येच थांबवायची सोयच नाही. काढण्यापूर्वी मी ती रिकामी करून मापाच्या बादलीने भरली, तर दहा लिटर बसलं. चार माणसांनी दिवसाला पाच-पाच वेळा ओढली तरी २०० लिटर. नव्यात माणशी एकदा मोठं बटण आणि चारदा छोटं धरलं तर ७२. टँकरच्या दिवसांत हा फरक फार मोठा आहे.

मात्र नुसती टाकी बदलू नका. जुन्या पॉटचा घाटच जास्त पाण्याच्या हिशेबाने केलेला असतो. आमच्या वरच्या मजल्यावर फक्त टाकी बदलली. एकदा दाबून साफ होत नाही, पुन्हा दाबावं लागतं, म्हणजे बारा लिटर गेलं की! नव्या पॉटच्या बाजू उभ्या आहेत आणि पाणी थेट खाली ढकलतं. तळाशी साठणारं पाणी कमी, त्यामुळे ब्रश जरा जास्त वेळा फिरवावा लागतो. मला ते चालतं.

माझी खरी तक्रार वॉशरबद्दल आहे. सायफनच्या टाकीला तळाशी झडपच नसते, त्यामुळे तिथून पाणी झिरपत नाही. ब्रिटनमध्ये याच कारणासाठी २००१ पर्यंत झडपेच्या टाक्यांना परवानगी नव्हती. नव्या टाकीत सगळी मदार एका रबरी वॉशरवर. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, त्यावर क्षार धरले आणि मार्चमध्ये पॉटच्या मागच्या बाजूने बारीक धार सुरू झाली. दिसत नाही, आवाजही नाही. रात्री टाकीत खाण्याचा रंग टाकून ठेवला, सकाळी पॉटमधलं पाणी लाल! वॉशर काढून व्हिनेगरमध्ये भिजवला, पुसून लावला, धार थांबली. ही तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी कराच, नाहीतर वाचवलेलं सगळं पाणी तिथूनच वाहून जाईल.

तळमजल्यावर राहत असाल आणि ड्रेनेजचा चेंबर लांब असेल तर पाइपचा उतार आधी प्लंबरकडून बघून घ्या. कमी पाण्यात मैला मध्येच अडकू शकतो. आमची लाइन दोन फुटांवर उभ्या पाइपला मिळते, त्यामुळे काही त्रास नाही. आणि दुकानात जाण्याआधी भिंतीपासून ट्रॅपच्या (कमोडखालचं, मैला जमिनीत उतरतो ते तोंड) मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून न्या. आमचं नऊ इंच भरलं, दुकानात मांडलेले बरेचसे नग बारा इंची होते.