पहिला वस्तरा घेताना: इंदुरात काय मिळालं, काय बाहेरून मागवलं

वस्तऱ्यानं दाढी करायला शिकायचं असेल तर पैशांचा विचार पट्ट्यापासून, म्हणजे धार सावरायला ज्यावर वस्तरा ओढतात त्या पट्ट्यापासून, सुरू करा. चांगला चामड्याचा पट्टा आणि धार लावून आलेला साधा वस्तरा, एवढं जमलं की बाकीचं सामान राजवाड्याच्या आसपास दोन तासांत गोळा होतं. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. त्यामुळे कोणतंही हत्यार हातात आलं की मी आधी त्याची धार बघतो, मूठ मागाहून. हस्तिदंती रंगाच्या मुठीवर पैसे घालून धारेकडे दुर्लक्ष करणारी मंडळी पाहिली की वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवात बहुतेक जण सलूनमध्ये दिसतो त्या उस्तऱ्यानं करतात, ज्यात साधं दुधारी ब्लेड कागदासकट उभं मोडून अर्धं बसवतात. राणीपुऱ्यात सलूनच्या सामानाच्या दुकानांत तो सहज मिळतो आणि स्वस्तही असतो. दर वेळी नवं ब्लेड लागतं, म्हणून सलूनसाठी तो योग्यच आहे. पण घरी शिकणाऱ्याला तो सोपा जाईल ही समजूत सोडा. पत्र्याचा हलका उस्तरा हाताला स्वतःचं वजन देत नाही, त्यामुळे आपण नकळत दाबतो, आणि नव्या ब्लेडची धार दाबलेलं अजिबात सहन करत नाही. अर्ध्या ब्लेडचं टोकही कोपऱ्यात उघडं राहतं. हाच घ्यायचा असेल तर भरीव स्टीलचा, जड आणि ब्लेडचे कोपरे झाकणारा घ्या. मी ज्या दुकानातून घेतला तिथले काका खोकी उघडून चार नमुने हातात देतात, बिजागरी ढिली आहे का ते तपासू देतात. सकाळी जा, दुपारनंतर त्या गल्लीत उभं राहायला जागा नसते. फेदर या जपानी कंपनीची ब्लेडं सुरुवातीला नकोत, फार तिखट असतात.

आता खरा वस्तरा, ज्याचं पातं बदलायचं नसतं, त्यालाच धार लावायची असते. माझी शिफारस कार्बन स्टीलचं, ५/८ इंच रुंदीचं, गोल टोकाचं पातं. अरुंद पातं नाकाखाली फिरवायला सोपं, आणि गोल टोक कानाजवळ रुतत नाही. स्टेनलेस गंजत नाही हे खरं, पण पट्ट्यावर त्याची धार सावरायला जास्त वेळ लागतो. माझ्याकडे जर्मनीतल्या झोलिंगनच्या डोव्हो कंपनीचा आहे. डोर्प आणि फोस या दोघांनी १९०६ मध्ये ती काढली, दोघांच्या आडनावांतून नाव झालं. पात्याच्या मुठीकडच्या दांड्यावर ‘झोलिंगन’ कोरलेलं असतं त्याला वजन आहे, कारण ते नाव १९३८ पासून जर्मन कायद्यानं राखलेलं आहे. कोणीही उठून पात्यावर छापावं असं ते नाही.

या हत्याराची रचना मला फार आवडते. वर्गात छिन्नीला धार लावताना मुलांना कोन धरायला शिकवताना घाम फुटतो. वस्तऱ्यात तो प्रश्नच नाही. पातं धार लावायच्या दगडावर आडवं ठेवलं की पाठ (धारेसमोरची जाड कड) आणि धार दोन्ही एकदम टेकतात, आणि कोन आपोआप ठरतो. पात्याची रुंदी १६ मिलिमीटर, पाठ साडेचार मिलिमीटर जाड धरली तर धारेचा कोन साधारण १६ अंश येतो. म्हणूनच पाठ सरळ आणि एकसारखी असणं हाच वस्तऱ्याचा जीव.

ते घरी तपासता येतं. टेबलावरची जाड काच पुसून घ्या, वस्तरा उघडून पातं हलकेच तिच्यावर ठेवा आणि मागून मोबाइलचा टॉर्च धरा. सरळ धारेच्या पात्याखालून कुठे जास्त, कुठे कमी उजेड येत असेल किंवा बोट लावल्यावर पातं डुगडुगत असेल, तर परत करा. ऑनलाइन चारपाचशे रुपयांत लाकडी खोक्यासकट मिळणारा एक वस्तरा असा तपासला, तेव्हा पातं मधोमध पिळलेलं निघालं. दिसायला देखणा होता. त्याला कोणत्याही दगडानं नीट धार लागली नसती.

आणखी एक. नवा, चांगल्या कंपनीचा वस्तराही दाढीला तयार असेलच असं नाही. विकत घेताना ‘दगडावर हातानं धार लावून देता का’ हे स्पष्ट विचारा. नाही म्हणाले तर दुसरीकडून घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल. धार नसलेल्या वस्तऱ्यानं शिकणारा माणूस आपलाच हात वाईट समजतो आणि सोडून देतो. सायकलवर चाक घेऊन फिरणाऱ्या धारवाल्याकडे मात्र वस्तरा कधी देऊ नका. तो कात्र्या-सुऱ्या उत्तम करतो, पण ठिणग्या उडतात तिथे वस्तऱ्याची कागदासारखी कड क्षणात तापते, पोलादाचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरतो आणि कड निळी पडते. मग तेवढा भाग घासून टाकण्यावाचून इलाज नाही.

पट्टा मी इंदुरजवळच्या महूत बूट आणि कमरपट्टे शिवणाऱ्या कारागिराकडून करून घेतला. म्हशीचं, बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं, तीन इंच रुंद, वीस इंच लांब, मागे जाड सुती कॅनव्हास आणि वर अडकवायला पितळी कडी. तीन इंच सांगण्याचं कारण असं की त्यावर पूर्ण पातं एकदम बसतं, तिरकं ओढावं लागत नाही. चामड्याला डाग, गाठ, शिवण काही चालत नाही. तळवा फिरवून बघा, कुठे काही टोचलं तर तुकडा बदलून घ्या. कारागिरानं तीन तुकडे बाजूला काढून चौथा कापला, त्याचं मला कौतुक आहे.

पट्टा ताणून धरायचा. पातं पूर्ण आडवं, पाठ पुढे, धार मागे, आणि हाताचा दाब नाही. टोकाला पोचल्यावर पातं पाठीवरच उलटवायचं, पाठ चामडं सोडत नाही, धार वरून फिरते. धारेवर उलटवलं तर एका झटक्यात चामडंही चिरतं आणि कडही मोडते. नीट चाललं असेल तर सगळीकडे एकच मऊ सरसर ऐकू येते, पाठ उचलली गेली की आवाज लगेच खरखरीत होतो. आधी कॅनव्हासवर वीस-तीस फेऱ्या, मग चामड्यावर पन्नास-साठ, दर दाढीआधी. पहिले काही दिवस अगदी हळू.

एवढी काळजी कशाला, तर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढीचं ब्लेड पाहिलं. केस पोलादापेक्षा पन्नासपट मऊ, तरी त्यानं धारेचे बारीक कपचे उडतात. तो अभ्यास स्टेनलेस ब्लेडचा होता, पण दाढी नीट भिजवायला मला तेवढं कारण पुरतं.

ब्रश कृत्रिम केसांचा घ्या. पावसाळ्यात लवकर वाळतो, भिजत ठेवावा लागत नाही. वाटी बर्तन बाजारातली साधी स्टीलची चालते. साबण ट्यूबमधला, गोदरेज किंवा पामोलिव्ह, चांगला फेस देतो. डब्यातला तयार फोम नको, तो लवकर सुकतो आणि केस नीट भिजत नाहीत. इथे पाण्याकडे मात्र लक्ष द्या. बोरिंगच्या जड पाण्यात फेस फुटतो, पांढरा साका उरतो, आणि माणूस साबणाला बोल लावतो. नळाला येणारं नर्मदेचं किंवा आरओचं अर्धा कप पाणी वाटीत वेगळं घ्या, फरक लगेच दिसेल. तुरटीचा खडा मारोठिया बाजारात मिळतो, थंड पाण्यात बुडवून दाढीनंतर फिरवायचा.

पहिल्यांदा फक्त गाल करा, हनुवटी आणि गळा नेहमीच्या रेझरनं. दुसऱ्या हातानं कातडी ताणून धरा, पातं चेहऱ्याशी साधारण तीस अंशांत, केसांच्या दिशेनंच.

दगडासाठी घाई नको. रोज पट्टा नीट ओढला तर लावून आलेली धार काही महिने टिकते. केस ओढल्यासारखे वाटू लागले की १२००० ग्रिटचा, म्हणजे फार बारीक दाण्याचा, एक दगड घ्या, त्यावर पेन्सिलच्या रेघा मारून त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत घासून तो सपाट करून घ्या, मगच पातं ठेवा. तोवर पावसाळ्यात वस्तरा पुसून, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब लावून उघड्या हवेत ठेवा. बंद खोक्यात, न्हाणीघराच्या फळीवर ठेवलात तर आठवड्यात धारेवर तांबूस ठिपके येतील, आणि ते पट्ट्यानं जात नाहीत.