सुया टोचून घेण्याआधी: ताईच्या अर्धशिशीचा झालेला धंदा

ज्यांनी आधी कधी ॲक्युपंक्चर घेतलेलं नाही आणि आता घ्यायचा विचार करताहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझ्या मोठ्या बहिणीला एका सेंटरने अर्धशिशीवर वर्षभराचं पॅकेज विकलं, सगळे पैसे आगाऊ घेतले, तिची चालू गोळी बंद करायला लावली आणि त्रास वाढल्यावर दोष तिच्याच माथी मारला. ॲक्युपंक्चर हेच थोतांड आहे असं माझं म्हणणं नाही. अर्धशिशीवर त्याचा उपयोग होतो याला बऱ्यापैकी पुरावा आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावावर काहीही विकणं सोपं जातं.

ताईला कॉलेजच्या वयापासून हा त्रास. डोकं ठणकायला लागलं की उजेड नको, आवाज नको, उलट्या. मेंदूविकारतज्ज्ञांनी रोजची प्रोप्रानोलॉलची गोळी सुरू केली होती. अटॅक कमी झाले होते, पण गोळीने दिवसभर गळून गेल्यासारखं वाटायचं. गोळ्या कमी होतील असं काहीतरी तिला हवं होतं. तिची ही इच्छा अगदी रास्त होती.

सेंटरमध्ये पहिल्याच दिवशी तपासणी म्हणून एक मशीन लावलं. एका हातात पितळेची दांडी धरायला दिली आणि दुसऱ्या हाताच्या व पायांच्या बोटांवर एक टोकदार पेन टेकवत गेले. समोर लॅपटॉपवर रंगीत पट्ट्या उमटल्या, जवळपास सगळ्या लाल. यकृत लाल, मूत्रपिंड लाल, पित्ताशय लाल. ‘ऊर्जा सगळीकडे अडकली आहे मॅडम, डोकेदुखी हे फक्त वरचं लक्षण आहे,’ असं तिथल्या सरांनी सांगितलं. ताई घाबरली. यकृत बिघडलंय म्हटल्यावर कोण घाबरणार नाही?

असलं यंत्र त्वचेतून वीज किती सहज वाहते एवढंच मोजतं. हात कोरडा आहे की घामेजलेला, पेन हलकं टेकवलं की दाबून, त्यावर आकडा बदलतो. यकृताची तपासणी रक्तातून होते, बोटाच्या कातडीवरून नाही. पुढे एकदा ताई हात धुऊन, नीट न पुसता तशीच खुर्चीत बसली. त्या दिवशी पट्ट्या एकदम हिरव्या झाल्या आणि सरांनी ‘बघा, केवढी सुधारणा!’ म्हणून प्रिंटआउट हातात दिला. मी शेजारीच होते. तिचे हात ओले दिसत होते. त्या रात्री तिला जबरदस्त अटॅक आला.

सुई टोचण्याआधी जे विचारायला हवं होतं, ते कुणीही विचारलं नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, रक्त लवकर थांबत नाही असं कधी झालंय का, फिट येते का, गरोदर आहात का, आणि सुयांना वीज जोडणार असतील तर पेसमेकर आहे का, हे प्रश्न पहिल्या भेटीतच यायला हवेत. नवीन माणसाने यावरूनच पारख करावी. प्रश्न न विचारता थेट पॅकेजचा तक्ता पुढे सरकवला, तर उठून यावं.

पॅकेज वर्षाचं होतं. ‘इतकी जुनी अर्धशिशी मुळापासून काढायची तर वर्ष लागणारच,’ हे कारण. आता याच्याशेजारी एक माहिती ठेवून बघा. ब्रिटनची उपचारांचे निकष ठरवणारी नाइस ही संस्था अर्धशिशी टाळण्यासाठी ॲक्युपंक्चरचा विचार करता येईल असं म्हणते, पण कशा प्रकारे? 5 ते 8 आठवड्यांत, जास्तीत जास्त 10 सिटिंग्ज. म्हणजे दोन महिन्यांत अंदाज यायला हवा. त्या मुदतीत फरक नसेल तर थांबायचं. पहिल्या दिवशी वर्षाचे पैसे मागणाऱ्याला तुम्ही मध्येच थांबलेलं नको असतं, एवढाच त्याचा अर्थ.

पावती मी नंतर नीट वाचली. त्यावर ॲक्युपंक्चर हा शब्दच नव्हता, अर्धशिशीही नव्हती. ‘वेलनेस मेंबरशिप, नॉन-रिफंडेबल’ एवढंच छापलं होतं. तोंडी आश्वासन ‘मुळापासून बरं करू’, आणि कागदावर मेंबरशिप. उद्या भांडायला गेलात तर उपचाराचा दावा केलाच नव्हता असं म्हणायला ते मोकळे. पैसे देण्याआधी पावतीवर काय लिहिणार ते विचारा: कुठल्या त्रासासाठी, किती सिटिंग्ज, मध्ये थांबल्यास उरलेल्या पैशांचं काय. लिहून देत नसतील तर एकेका वेळेचे पैसे द्या. प्रामाणिक माणूस त्याला नाही म्हणत नाही.

सुरुवातीला ताईला बरं वाटलं, हेही सांगायला हवं. सुई अगदी बारीक असते, केसापेक्षा थोडी जाड. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग आत जडपणा किंवा झिणझिण्या जाणवतात, आणि वीस-तीस मिनिटं शांत पडून राहायचं. ताईला तो वेळ आवडायचा. पहिल्या काही आठवड्यांत अटॅक कमी आले, तेव्हा घरात सगळ्यांनाच बरं वाटलं. उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने अर्धशिशीवरच्या ॲक्युपंक्चरच्या चाचण्यांचा 2016 मध्ये आढावा घेतला, त्यात 22 चाचण्या आणि 4985 रुग्ण होते. नेहमीच्याच उपचारांवर राहिलेल्यांपैकी 17 टक्के लोकांचे अटॅक निम्म्यावर आले, ॲक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी 41 टक्के लोकांचे. खऱ्या आणि नकली सुयांची (म्हणजे टोचल्याचा नुसता भास देणाऱ्या किंवा भलत्याच जागी लावलेल्या) थेट तुलना केली तिथे आकडे 50 आणि 41 टक्के होते. म्हणजे फायदा होतो, पण त्यातला मोठा वाटा नकली टोचण्यातूनही मिळतो. शिवाय अर्धशिशी आपोआपही कमी-जास्त होत असते. चार आठवडे बरे गेले म्हणजे रोग मुळापासून जातोय, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

त्या बऱ्या आठवड्यांचा फायदा घेऊन त्यांनी गोळीला हात घातला. ‘अंगात केमिकल असेल तर सुया काम करणार नाहीत, आजपासून बंद करा.’ ताईने केली. प्रोप्रानोलॉल अशी एकदम बंद करायची नसते. काही दिवसांत छातीत धडधड सुरू झाली, बीपी वाढलं, आणि अर्धशिशी पूर्वीपेक्षा जोरात परत आली. हृदयविकार असलेल्या माणसाने ही गोळी अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकतं. ताईने सेंटरला फोन केला, तर उत्तर आलं, ‘शरीर विष बाहेर टाकतंय, हे चांगलं लक्षण आहे.’ आणखी काही दिवसांनी: ‘तुमचाच विश्वास कमी पडतोय.’ तिच्या डॉक्टरांनी तपासून गोळी पुन्हा सुरू केली तेव्हा कुठे धडधड थांबली. मला आजही सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा येतो. पैसे परत मिळवता येतात, निदान मागता तरी येतात. कण्हत पडलेल्या बाईला ‘तुझाच विश्वास कमी’ म्हणणं याला माफी नाही. सुरू असलेलं औषध कमी करायचं की बंद करायचं, हे ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. सुया टोचणाऱ्याने त्यात पडायचं नाही.

शेवट एका डबीने झाला. सेंटरमध्ये प्रत्येक पेशंटच्या सुया वेगळ्या डबीत, स्पिरिटमध्ये बुडवून ठेवत. ‘तुमच्या सुया तुम्हालाच’ याचं ते कौतुकाने वर्णन करत. एके दिवशी ताईची डबी मी उचलून पाहिली. तिच्या नावाची चिठ्ठी एका कोपऱ्यात सुटली होती आणि खाली दुसऱ्याच कुणाचं तरी नाव दिसत होतं. ताईला तशीच उठवली आणि बाहेर आणली.

स्पिरिटने सुई निर्जंतुक होत नाही. एकदा वापरलेली सुई पुन्हा वापरण्यातून हिपॅटायटिस बी पसरल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. 1984 मध्ये अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात एकाच दवाखान्यातल्या 35 रुग्णांना तशी लागण झाली होती. सुई सीलबंद पाकिटातून तुमच्या डोळ्यांदेखत निघाली पाहिजे, पाकिटावर मुदत छापलेली असते ती बघा, आणि काम झाल्यावर ती सुया टाकायच्या जाड डब्यात गेली पाहिजे. विचारायला संकोच करू नका. किती सुया टोचल्या आणि किती काढल्या हेही मोजायला सांगा. केसांत एखादी राहून जाते.

डोकेदुखीसाठी खांद्याच्या वरच्या भागात, मानेच्या बाजूला सुया लावतात. त्या भागात कातडीखाली थोड्याच अंतरावर फुप्फुसाचं टोक असतं. सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडून हवा बाहेर येऊ शकते. हे क्वचित घडतं. जर्मनीत प्रशिक्षित डॉक्टरांकडून ॲक्युपंक्चर घेतलेल्या 2,29,230 रुग्णांची पाहणी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात असे दोनच रुग्ण होते. 8.6 टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, तोही बहुतेक थोडं रक्त येणं, काळंनिळं पडणं असा. पण ते हात शिकलेले होते. सिटिंगनंतर, अगदी काही तासांनीसुद्धा, छातीत दुखायला लागलं किंवा दम लागला तर ‘विष बाहेर पडतंय’ म्हणून वाट बघत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

म्हणून शिक्षणाची चौकशी करा. त्या सेंटरच्या भिंतीवर फ्रेम्स भरपूर होत्या. जवळ जाऊन वाचल्यावर कळलं, बऱ्याचशा कार्यशाळेला हजर राहिल्याच्या होत्या. कुठे शिकलात, किती काळ, नोंदणी कुणाकडे आहे, नंबर काय, हे विचारायचं आणि नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे तो नंबर पडताळायचा. तिथेच एक पोस्टरही होतं, एका अमेरिकन पत्रकाराचं ऑपरेशन बीजिंगमध्ये भूल न देता फक्त सुयांवर झालं म्हणून. ते पत्रकार म्हणजे जेम्स रेस्टन. 1971 मध्ये त्यांचं अपेंडिक्स काढलं ते नेहमीसारखी भुलीची इंजेक्शनं देऊन. सुया लावल्या त्या ऑपरेशननंतर पोटात अस्वस्थ वाटत होतं म्हणून, आणि हे त्यांनी स्वतःच न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं आहे.

उरलेले पैसे आम्ही लेखी मागितले. आधी ‘मेंबरशिप घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर करून घ्या’ म्हणाले. मग थोडी रक्कम द्यायला तयार झाले, पण कुठेही तक्रार करणार नाही असं लिहून द्यायच्या अटीवर. ताईने सही केली नाही. तक्रार दिली आहे. त्यासाठी पावती, मशीनचे प्रिंटआउट, गोळी बंद करा म्हणून आलेले मेसेज आणि डॉक्टरांचे नंतरचे कागद उपयोगी पडले. तोंडी बोलणं सिद्ध करता येत नाही, म्हणून अशा ठिकाणी महत्त्वाचं काही सांगितलं की ‘मेसेज करून ठेवा’ म्हणायचं.

डबी पाहिल्यावर ताईच्या हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या केल्या. संसर्ग रक्तात लगेच दिसत नाही, त्यामुळे काही महिन्यांनी पुन्हा कराव्या लागल्या. दोन्ही वेळचे रिपोर्ट चांगले आले. तुम्हालाही अशा डबीतल्या सुया टोचल्या असतील, तर आज काही होत नाही म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सरळ सांगा आणि तपासणी दुसऱ्यांदा कधी करायची ती तारीख त्यांच्याकडूनच लिहून घ्या.