दागिन्यात खोट निघाली: दुकान, हॉलमार्क की ग्राहक आयोग?

लग्नाचं सोनं घ्यायची वेळ आली की इंदूरच्या मराठी घरांत दोन तट पडतात. एक म्हणतो, सराफ्यातला आपला पिढीजात सोनार काय वाईट? दुसरा म्हणतो, पुण्याला जाऊन येऊ, डिझाइनं तिकडचीच. आमच्याकडे दुसरा तट जिंकला. मुलीचे अडीच तोळ्यांचे तोडे पुण्याहून आले आणि चौथ्या महिन्यात एकाचा पेच बसेना. सांध्याचा डाख सुटला होता. त्यानंतर चार महिने आम्ही घरात एकच चर्चा केली: आता जायचं कुठे?

या वादात आम्ही पहिली चूक केली ती दार आधी निवडायची. आधी खोट कोणती ते ठरवायला हवं. सोनं कमी कसाचं निघणं वेगळं, वजनात तूट वेगळी, खडा खोटा निघणं वेगळं आणि घडणीतला दोष वेगळा. प्रत्येकाला उपयोगी पडणारं दार निराळं.

दुकानाचं दार सर्वांत जवळचं, आणि घडणीच्या दोषासाठी पहिलं तेच. डाख, पेच, फिरकी, सुटलेला खडा हे दुकान बहुतेक वेळा मुकाट्याने करून देतं. अडतं ते बदलून मागितल्यावर. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी बघून पुष्कळ जण तिथूनच माघारी फिरतात. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आमचे 30 दिवस केव्हाच उलटले होते. म्हणून हक्क संपतो असं नाही, पण बोलण्यातला जोर कमी होतो हे खरं.

ओळखीचा सोनार असला की इथे फायदा दिसतो. सराफ्यात सकाळी जाऊन ओट्यावर बसायचं, दुपारपर्यंत काम घेऊन यायचं. (संध्याकाळी गेलात तर दुकानं मिटून त्याच ओट्यांपुढे गराडूचे कंद तळायला लागलेले असतात.) तोटाही ओळखीतच आहे: भिडेपोटी कच्च्या चिठ्ठीवर सोनं घेतलं जातं. पुढे भांडायची वेळ आली की ती चिठ्ठी फार दूर नेत नाही.

कसाबद्दल शंका असेल तर भारतीय मानक ब्यूरोचं (बीआयएस) दार धरावं, कारण तिथे हिशोब नेमका आहे. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्क सक्तीचा असलेल्या भागांत दागिन्यावर एचयूआयडी, म्हणजे सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, लागतो. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो टाकला की सराफ कोण, तपासणी कुठल्या केंद्रात झाली आणि शुद्धता किती नोंदली आहे ते दिसतं. तक्रारही त्याच अ‍ॅपवरून जाते. कस कमी भरला तर नियमाने मिळते ती शुद्धतेतल्या फरकाच्या दुप्पट रक्कम, शिवाय तपासणीचा खर्च. समजा 916 चे म्हणून घेतलेले 25 ग्रॅमचे तोडे 875 चे निघाले. हजारामागे 41 ची तूट, म्हणजे साधारण एक ग्रॅम शुद्ध सोनं. त्याच्या दुप्पट, दोन ग्रॅमांची किंमत तुमची. घडणावळ मात्र या हिशोबात येत नाही, मनस्तापही नाही.

आणि हॉलमार्क हा फक्त धातूच्या कसाचा असतो. खडा खरा की खोटा, डाख पक्का की कच्चा, याच्याशी त्याचा संबंध नाही. दोन ग्रॅमखालचे नग आणि कुंदन, पोलकी, जडाऊ तर या सक्तीतून वगळलेलेच आहेत. म्हणजे जिथे फसवणुकीला जागा जास्त, तिथेच शिक्का नाही. जडाऊ घेणार असाल तर सोन्याचं निव्वळ वजन आणि खड्यांचं वजन बिलात वेगवेगळं लिहून घ्या.

1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मधली पायरी. तक्रार दुकानापर्यंत पोहोचवते, उत्तर मागवते. हुकूम देऊ शकत नाही. नाव जपणाऱ्या मोठ्या पेढीवर याने काम होतं. गल्लीतल्या दुकानावर फारसं होईल असं मला वाटत नाही.

राहिलं जिल्हा ग्राहक आयोगाचं दार. आम्हा इंदूरकरांना याची खरी गोष्ट माहीतच नव्हती: सोनं पुण्याचं असलं तरी तक्रार इंदुरात करता येते. जुन्या, 1986 च्या कायद्यात ही सोय नव्हती. आता तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथला आयोग चालतो. पैसे बापाने भरले आणि दागिना मुलगी वापरते, तरी तीही कायद्याने ग्राहक. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, 5 लाखांपर्यंत फी शून्य, वकील सक्तीचा नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. आयोग दोष काढून द्यायला, दागिना बदलायला, पैसे परत करायला, वर भरपाई आणि खर्च द्यायलाही सांगू शकतो. गरज पडली तर दागिना सीलबंद करून प्रयोगशाळेत जातो. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. तारखा पडतात हे धरूनच चाला.

माझं मत विचाराल तर कसाची तक्रार असेल तर थेट बीआयएस, कारण तिथे वादाला जागा कमी. खोटा खडा किंवा परत परत तुटणारी घडण असेल तर दुकानाला लेखी कळवा, पंधरा दिवस वाट पाहा आणि आयोगाची तयारी ठेवा. पाच-सातशे रुपयांच्या दुरुस्तीसाठी मात्र आयोगाचा जिना चढू नये.

आम्ही आयोगापर्यंत गेलो नाही. भाच्याबरोबर पाठवलेला तोडा दुरुस्त होऊन आला आणि महिन्याभरात त्याच जागी सुटला. तेव्हा बिल, फोटो आणि ‘इंदूरच्या जिल्हा आयोगात तक्रार करू’ या ओळीसह रजिस्टर्ड पत्र पाठवलं. नवी जोडी मिळाली, घडणावळ न घेता. पण पहिल्या दुरुस्तीत तोड्याचं वजन पाव ग्रॅमने घटलं होतं. त्याचे पैसे मागितले तर पेढीने दुरुस्तीची चिठ्ठी दाखवा म्हटलं. चिठ्ठी होती. तिच्यावर ‘तोडा, 1 नग’ एवढंच लिहिलेलं होतं, वजन नव्हतं.