‘कोरा माल’ म्हणून घेतलेले तीन पॉवर सेल

भोसरी एमआयडीसीत माझा एचटी (हजारो व्होल्टवर चालणाऱ्या) मोटर आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा) दुरुस्तीचा गाळा आहे. बावीस वर्षं हेच काम करतोय. २०२४ च्या गणपतीच्या आधी एका व्यापाऱ्याने मला ९ लाख ९१ हजार २०० रुपयांना फसवलं. पैसे आज ना उद्या भरून निघतील, पण त्या मालामुळे माझ्याकडच्या एका पोराचे डोळे जाता जाता राहिले. म्हणून सगळं उघड लिहितोय.

कुरकुंभच्या एका कारखान्यात बॉयलरच्या आयडी फॅनला (धूर ओढून बाहेर टाकणारा मोठा पंखा) ६.६ केव्हीचा, म्हणजे ६,६०० व्होल्टचा, ड्राइव्ह आहे. एका फेजला सहा असे एकूण अठरा पॉवर सेल. प्रत्येक सेलला ट्रान्सफॉर्मरच्या स्वतंत्र सेकंडरीतून (आउटपुटच्या वाइंडिंगमधून) ६९० व्होल्ट थ्री फेज मिळतात, सेल त्याचं डीसी करून पुन्हा एसी बनवतो, आणि सहा सेलची व्होल्टेज एकावर एक चढून मोटरपर्यंत जातात. त्यातला एक सेल जुलैत उडाला. तो बायपास करून, म्हणजे वगळून, फॅन चालू ठेवला, पण स्पीड ९० टक्क्यांवर अडला. स्पीड दहा टक्के घटला की फॅनचा दाब जवळपास १९ टक्के घटतो, म्हणजे बॉयलर पूर्ण लोडवर जात नाही. मूळ कंपनीने नव्या सेलसाठी चौदा आठवडे सांगितले. तिथले मेंटेनन्सचे साहेब मला रोज सकाळी फोन करत होते.

अशा वेळी ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. भोसरीतच त्याचा गाळा. "साहेब, रद्द झालेल्या प्रोजेक्टचा माल आहे, अगदी कोरा. पेटीसुद्धा फोडलेली नाही." तीन सेल, प्रत्येकी २ लाख ८० हजार, वर १८ टक्के जीएसटी. एक बसवायचा, दोन स्पेअर. भाव फार स्वस्त नव्हता आणि त्यामुळेच माझा विश्वास बसला. निम्म्या भावात दिला असता तर मी दहा प्रश्न विचारले असते.

त्याने माझ्यासमोर टेस्ट करून दाखवली. सेलला गाळ्यातली ४१५ व्होल्टची थ्री फेज दिली, हिरवा दिवा लागला, आउटपुटला लावलेले बल्ब पेटले. मी सेल उघडायचं म्हटलं, तर त्याने कव्हरच्या स्क्रूवरचं सील दाखवलं. "हे तुटलं की वॉरंटी गेली बघा." मी हात मागे घेतला. ते सील मूळ कंपनीचं नव्हतंच, याच माणसाने छापून घेतलेलं स्टिकर होतं, हे मला महिनाभराने कळलं.

खरा डाव त्या टेस्टमध्येच होता. ४१५ व्होल्टवर सेलच्या आत डीसी बस, म्हणजे एसीचं केलेलं डीसी व्होल्टेज, साधारण ५८५ व्होल्टपर्यंत जाते. ड्राइव्हमध्ये ६९० मिळाले की तीच ९७५ च्या घरात असते. या सेलमध्ये ४०० व्होल्टचे तीन कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले, आहेत. म्हणजे गाळ्यात प्रत्येकावर १९५ व्होल्ट येत होते, पॅनेलमध्ये ३२५. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला की आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो, पूर्ण व्होल्टेज मिळालं की लीकेज करंट (आतून झिरपणारा करंट) वाढतो आणि तो तापत जातो. मूळचाच वापरून थकलेला असेल तर विचारायलाच नको. कमी व्होल्टेजवर आणि चार बल्बच्या लोडवर यातलं काहीही दिसत नाही. हे सगळं मला त्या दिवशीही माहीत होतं. साहेबांचे फोन, बॉयलरचा लोड आणि समोर पेटलेले बल्ब, या गडबडीत ते डोक्यात आलं नाही.

७० टक्के ॲडव्हान्स दिला, उरलेले पैसे माल उचलताना. गुरुवारी शटडाउन घेऊन सेल बसवला. फॅन पूर्ण स्पीडवर गेला, साहेबांनी चहा पाजला.

चौथ्या दिवशी पहाटे पावणेपाचला फोन आला. निरीक्षणासाठी ठेवलेला माझा पोरगा पॅनेलसमोर उभा राहून टेंपरेचरची नोंद करत होता. आत फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, ड्राइव्ह ट्रिप झाला आणि दरवाज्याच्या फिल्टरमधून गरम, उग्र वासाची वाफ थेट त्याच्या तोंडावर आली. त्याला दौंडला दवाखान्यात नेलं. डोळे धुतले, आठ दिवस औषध घालावं लागलं, आता नजर ठीक आहे. त्याची आई भेटायला आली तेव्हा म्हणाली, "दादा, तुमच्या भरवशावर पाठवते मी त्याला." मला एक शब्द बोलता आला नाही.

एचटी ब्रेकर काढला, अर्थिंग केलं, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबलो, मीटरने बस शून्य झाल्याची खात्री केली आणि सेल बाहेर ओढला. एका कपॅसिटरचा व्हेंट (आतला दाब वाढला की उघडणारं तोंड) फुटला होता. शेजारच्या सेलवरही शिंतोडे उडून त्याचा गेट कार्ड (सेलमधले स्विच चालू-बंद करणारं सर्किट) गेला होता. फुटलेल्या कपॅसिटरवरचं निळं वेष्टन वितळून सुरकुतलं होतं. नखाने ओढलं तर खाली दुसरं वेष्टन, मळकट, त्यावर जुना छाप आणि २००९ चा तारीख कोड. जुन्यावरच नवं वेष्टन चढवून हीट गनने बसवलं होतं.

मग उरलेले दोन्ही सेल गाळ्यात आणून उघडले. दोन्हीकडे तेच. कपॅसिटरच्या टर्मिनलच्या स्क्रूवर आधी कधीतरी पाना फिरल्याच्या खुणा. आयजीबीटी मॉड्यूलवरचा (सेलमधला मुख्य इलेक्ट्रॉनिक स्विच) नंबर कापसाला ॲसिटोन लावून पुसला तर काळा छाप कापसावर उतरला आणि खालचा घासलेला भाग दिसला. कंपनीचा लेझरने कोरलेला नंबर असा पुसला जात नाही. मॉड्यूल उचलल्यावर खाली वाळून भुकटी झालेली थर्मल पेस्ट (उष्णता हीटसिंककडे नेणारं मलम). हीटसिंकच्या पंख्यांसारख्या पट्ट्या बाहेरून धुऊन चकचकीत केलेल्या, पण आत खोल बॅटरी मारून पाहिलं तर राखाडी धूळ घट्ट बसलेली. मूळ कंपनीला तिन्ही सिरियल नंबर मेल केले. दोन दिवसांत उत्तर आलं: २०१० मध्ये एका सिमेंट कारखान्याला दिलेल्या ड्राइव्हमधले सेल. हा मेल खरेदीआधी करायला मला पाच मिनिटं लागली असती.

मालासोबत मिळालेली टेस्ट सर्टिफिकेटं पुन्हा काढून शेजारी शेजारी ठेवली. तीन वेगळे सिरियल नंबर, पण इन्सुलेशनचं रीडिंग तिन्हींवर दशांशापर्यंत सारखं. दोन सेलचंही इतकं जुळत नाही.

व्यापाऱ्याने आधी "तुमच्या लोकांनी चुकीचं बसवलं" म्हणून हात झटकले. ॲसिटोनचा व्हिडिओ दाखवल्यावर नरमला, पाच लाखांचा चेक दिला. तो चेक न वटता परत आला. तोपर्यंत गाळ्याला कुलूप. बिलावरचं फर्मचं नाव बोर्डावरच्या नावापेक्षा वेगळं होतं, तेव्हा मी ते चालवून घेतलं होतं. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून पाहिला तर नोंदणी जेमतेम चार महिन्यांची आणि आता रद्द. पुरवठादाराने कर भरलाच नसेल तर आपल्यालाही त्या जीएसटीचं क्रेडिट (आपल्या करातली वजावट) मिळत नाही, त्यामुळे १ लाख ५१ हजार २०० रुपयांचं क्रेडिट मला व्याजासकट उलटवावं लागलं. नोंदणीची तारीख आणि रिटर्न भरलेत की नाही हे त्या पोर्टलवर कुणालाही फुकट बघता येतं. पैसे पाठवण्याआधी बघा.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा "हा दिवाणी वाद आहे" हेच ऐकायला मिळालं. वकिलांनी समजावलं की फसवायचा हेतू सुरुवातीपासून होता हे दाखवता आलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. आणि तो हेतू त्या दुहेरी वेष्टनात, घासलेल्या नंबरात दिसतो. वेष्टनं, मॉड्यूल, सर्टिफिकेटं आणि कंपनीचा मेल घेऊन पुन्हा गेलो तेव्हा तक्रार घेतली. ग्राहक आयोगाचा रस्ता माझ्यासाठी बंद होता, कारण व्यवसायासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार त्या कायद्यात ग्राहक धरला जात नाही. चेकच्या बाबतीत मात्र वेळ सांभाळा: चेक वटला नाही असा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, समोरच्याला १५ दिवस, तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. माझी नोटीस सव्विसाव्या दिवशी गेली. केस सुरू आहे.

आता कुठलाही जुना-नवा सेल आला की मी आधी उघडतो, मग पैशांचं बोलतो. सील तोडू न देणाऱ्याकडून घेत नाही. व्हेरिॲक (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) आणि ४१५/६९० चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावून बस हळूहळू पूर्ण व्होल्टेजपर्यंत चढवतो, तिथे काही तास ठेवतो, लीकेज आणि कपॅसिटरचं टेंपरेचर बघतो. नंतर आउटपुटला चोक (तारेची मोठी कॉइल) लावून पूर्ण करंट. या सगळ्याला दीड दिवस लागतो, आणि गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी तो दीड दिवस मी सोडत नाही.

ते दोन सेल पोलिसांच्या पंचनाम्यानंतर माझ्याच गाळ्यात सील करून ठेवलेत. फुटलेला कपॅसिटर त्यांनी नेला, पण त्याच्याच जोडीचा एक माझ्या टेबलावर आहे, वरचं वेष्टन अर्धं सोललेलं. भोसरी, चाकण, रांजणगाव भागातलं कुणी असा माल घ्यायला निघालं असेल तर आधी येऊन तो हातात घेऊन बघा. आणि सेल घेतलाच असेल तर पॅनेलमध्ये घालण्याआधी माझ्याकडे आणा, तपासायचे पैसे घेणार नाही.