वह्या तपासायच्या की समोर बसवून वाचून घ्यायचं?

एफवायबीएच्या मुलांचं मराठी लेखन सुधारायचं तर वह्या घरी नेऊन तपासाव्यात, की एकेकाला समोर बसवून त्याचं लिखाण त्याच्याचकडून मोठ्यानं वाचून घ्यावं? नव्यानं शिकवू लागलेले सहकारी हे हमखास विचारतात. मी दोन्ही केलंय. बरीच वर्षं पहिलं, अलीकडे जास्त करून दुसरं.

शुद्धलेखनासाठी लाल पेनाला पर्याय नाही, हे आधीच सांगतो. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही, त्यामुळे 'परिक्षा' आणि 'परीक्षा' कानाला सारखेच. 'सून' पण 'सुनेला', 'वकील' पण 'वकिलाला' हे कागदावरच दाखवावं लागतं. साहित्य महामंडळाचे नियम 18 आहेत, 1962 चे 14 आणि 1972 चे 4. त्यांतले रोज लागणारे चार-पाच वहीतच पक्के होतात, असा माझा अनुभव.

वह्या तपासण्यावरून माझं मन उडालं ते फेअर कॉपीमुळे. एका मुलानं गावच्या पाणीटंचाईवर लिहिलं होतं, 'टँकर येतो पण वाटप नीट करत नाहीत.' मी समासात लिहिलं, 'कोण?' आठवड्यानं फेअर कॉपी आली. अक्षर सुरेख, शीर्षकाखाली दोन रेघा, आणि वाक्य असं: 'टँकर येतो पण कोण वाटप नीट करत नाहीत.' माझा प्रश्न त्यानं मुकाट्यानं उतरवून काढला होता. मग बाकीच्या वह्या त्या नजरेनं चाळल्या. मी दुरुस्त केलेलं सगळ्यांनी जसंच्या तसं उतरवलं होतं आणि पुढच्या निबंधात तीच चूक पुन्हा होती. फार वाईट वाटलं.

त्याच मुलाला समोर बसवलं. त्या ओळीवर आल्यावर विचारलं, "कोण करत नाही रे?"

"सर, टँकरवाला वरच्या आळीतच पाइप सोडतो. आमच्याकडं येईस्तोवर पाणी संपतं."

"मग हेच लिही की."

त्यानं तिथंच लिहिलं. त्या पानावरचं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं.

वेळ मात्र लागतो. साठ मुलांना दहा-दहा मिनिटं म्हणजे दहा तास. मी वीस-वीसचे तीन गट केलेत, दर आठवड्याला एक. घरी अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारी काही मुलं वाचताना संकोचतात. त्यांचं लिखाण पहिल्या खेपेला मीच वाचतो आणि ते ऐकतात. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की अडखळणारं वाक्य त्यांना लगेच कळतं.

वर्ग सव्वाशेचा असेल, नोकरी तासिका तत्त्वावरची असेल, तर वह्यांशिवाय इलाज नाही, हे मला समजतं. तेव्हा निदान वाक्य दुरुस्त करून देऊ नका. अडलेल्या ओळीखाली नुसती रेघ मारा आणि तेवढीच ओळ पुन्हा लिहून आणायला सांगा. फेअर कॉपी मात्र मागू नका.